कानावर पडलेले गाणे : गिरगाव ते लालबाग

आमच्या लालबागच्या घरी रविवारच्या भातात खडे लागत. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस भात स्वच्छ असे. रविवारी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या घासाला बाबांच्या दाताखाली कचकन काहीतरी येई आणि ते आईकडे पाहत. ‘रेशनचा तांदूळ,’ एवढे म्हणून आई विषय संपवी. रेशनचा तोच तांदूळ सोमवारी का कचकचत नाही, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. त्या खड्यांचा संबंध हिंदुस्थानी रागसंगीताशी होता, हे कळायला १९८२ साल उजाडावे लागले. तो संबंध सांगावा म्हणून हा लेख लिहितो आहे. पण त्याआधी आपल्या संगीतसमीक्षेला एक प्रश्न विचारायचा आहे : गाणे ऐकणारा माणूस म्हणजे कोण, असे ती धरून चालते?

ऐकणे आणि कानावर पडणे

मराठीत आपण ‘गाणे ऐकले’ असे म्हणतो आणि ‘गाणे कानावर पडले’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कर्ता माणूस असतो, दुसऱ्यात गाणे. पहिल्यात निवड आहे : वेळ काढलेला आहे, तिकीट किंवा आमंत्रण आहे, समोर बसणे आहे. दुसऱ्यात माणूस भांडी घासत असेल, रांगेत उभा असेल, अर्धवट झोपेत असेल. गाणे त्याला विचारून आलेले नसते. आपली संगीतसमीक्षा जवळपास सगळी पहिल्या वाक्याची आहे.

केशवराव भोळे यांचे ‘आजचे प्रसिद्ध गायक’, गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’, बी. आर. देवधर यांचे ‘थोर संगीतकार’ ही पुस्तके आजही हाताशी ठेवावीत अशी आहेत. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने (१९६१) स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची मांडणी करून दाखवली, किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर मधल्या तोलाच्या जागी. पण या सगळ्या लेखनाच्या केंद्रस्थानी गाणारा आहे. ऐकणारा येतो तो ‘रसिक’ म्हणून, बैठकीच्या पुढच्या रांगेत, दाद देण्यापुरता. देशपांडे स्वतः व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आणि मनाने जन्माचे श्रोते. त्यांच्यासारखा श्रोता जिथे नमुना ठरतो, तिथे भिंतीपलीकडून येणारे गाणे ऐकत कणीक मळणारी बाई हिशेबात येत नाही.

अशोक दा. रानडे यांनी हा हिशेब बराच मोठा केला. आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी त्यांनी मांडल्या आणि समीक्षेला ख्यालाच्या कुंपणाबाहेर काढले. या मांडणीचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते. कोटी संगीताच्या आहेत, कानाच्या नाहीत. मध्य मुंबईच्या चाळीतल्या एका माणसाच्या एका दिवसात यांतल्या चार-पाच कोटी सहज येऊन जात, आणि त्यांतली एकही त्याने मागवलेली नसे. अशा माणसाला ‘आवड’ असते का? असली तर ती कशी ओळखायची?

गिरगावची खिडकी

माझ्या आईचे माहेर गिरगावातले. मुंबईत रागसंगीताने मध्यमवर्गाच्या घरात जी जागा केली, तिचा मोठा भाग या वस्तीत घडला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबईतली शाखा १९०८ची. देवधरांचे स्कूल ऑफ इंडियन म्युझिक ऑपेरा हाउसजवळ १९२५ साली सुरू झाले. कुमार गंधर्व लहान वयात तिथेच शिकायला आले. ट्रिनिटी क्लब, लक्ष्मीबाग, ब्राह्मण सभा, केळेवाडीतले साहित्य संघ मंदिर ही सगळी ठिकाणे पायी फिरण्याच्या टप्प्यातली. अनीश प्रधान यांचा वसाहतकालीन मुंबईतल्या हिंदुस्थानी संगीतावरचा इंग्रजी ग्रंथ (२०१४) आणि तेजस्विनी निरंजना यांचे ‘म्युझिकोफिलिया इन मुंबई’ (२०२०) या दोन पुस्तकांत या इतिहासाची बारकाईने नोंद आहे. वर्ग, मंडळ्या, सभागृहे आणि बैठका यांतून संगीतवेडा मुंबईकर कसा घडला, हे त्यांतून कळते.

पण गिरगावात सभागृहाच्या भिंती फारशा जाड नव्हत्या. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून भाद्रपदातले दहा दिवस गाणे थेट गल्लीत येऊ लागले. आधी मेळे, पुढे रस्त्यात सतरंज्या अंथरून होणाऱ्या गायनाच्या बैठका. आईला वर्गाला घातलेले नव्हते. तिच्या भावाला घातले होते, आणि त्याने ते सहा महिन्यांत सोडले. बैठकीला खाली जाऊन बसायची तिला परवानगी नव्हती. ती पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसे. घरातल्या मोठ्या माणसांच्या लेखी ती खिडकीत बसली होती, गाणे ऐकत नव्हती. ही बारीकशी पळवाट पुढे तिला आयुष्यभर उपयोगी पडली.

साचे, पाळ्या आणि भिंती

लग्न होऊन आई लालबागला आली ती दुसऱ्याच आवाजात. बाबा एका गिरणीच्या साचेखात्यात होते. साचेखात्यात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. माणसे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजून घेतात. वीस-पंचवीस वर्षे तिथे काढलेल्या माणसाचे कान उतरलेले असत. बाबांचेही उतरले.

गिरणगावच्या सांस्कृतिक जीवनाविषयी आता पुष्कळ लिहिले गेले आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्याच तोंडून तो इतिहास नोंदवला आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले, गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारे पुरुष. त्यांची भजनी मंडळे, डबलबारी, शक्ती-तुरा. लालबागच्या हनुमान थिएटरातले तमाशाचे फड. परळच्या दामोदर हॉलातली कामगारांची नाटके. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापनाही १९२४ साली याच सभागृहात झाली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे १९४४ सालचे लाल बावटा कलापथक आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली शाहिरी. बीडीडी चाळींतून एप्रिलमध्ये येणारी भीमगीते. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होऊ शकेल. मला इथे एवढेच पाहायचे आहे की हे सगळे एकाच कानात शिरत होते.

सोवळे-ओवळे जिभेला पाळता येते, हाताला पाळता येते. कानाला ते जमत नाही. ज्या घरातली बाई तमाशाच्या थिएटरच्या दारावरून जाताना पदर सावरून रस्ता बदले, तिच्या स्वयंपाकघरात ढोलकी खुशाल येऊन बसे. आई पहिली दोन वर्षे त्याला ‘गोंगाट’ म्हणे. पुढे कधीतरी ती पोळ्या लाटताना बोटांनी परातीच्या कडेवर एक ठेका धरू लागली. तो गिरगावचा नव्हता. असे आवडीचे हस्तांतर कोणत्याही बैठकीत झाले नसते, कारण बैठकीचे आमंत्रणच एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेले नसते.

मात्र चाळीत सगळे सगळ्यांना कधीही ऐकवत, असा समज करून घेऊ नये. आवाजाचे नियम होते आणि ते कडक होते. रातपाळी करून आलेला माणूस दुपारपर्यंत झोपे, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांतले रेडिओ त्या वेळी पुटपुटत. कोणाकडे मयत झाली की मजल्यावरचे रेडिओ तीन दिवस तरी बंद राहत. बारावीच्या परीक्षा, बाळंतीण, देवी-गोवर अशा कारणांनी आवाज वरखाली होई. आपल्या घरातले गाणे दुसऱ्याच्या कानावर पडते आहे याची जाणीव प्रत्येकाला होती, आणि रेडिओ किती मोठा लावायचा हे त्या जाणिवेने ठरे.

रेडिओचा कान कोणाच्या हातात

मुंबई केंद्र १९२७ साली सुरू झाले, पण लालबागच्या खोल्यांत रेडिओ आला तो बराच पुढे. आमच्याकडे तो १९६८च्या सुमारास आला, दिवाळीच्या बोनसमधून. त्याचा कान पिळायचा अधिकार बाबांचा. त्यांचे कान उतरलेले, म्हणून रेडिओ मोठा; म्हणून आमची ‘जयमाला’ आणि ‘हवामहल’ सबंध मजल्याची. एका साचेवाल्याच्या बहिरेपणामुळे पंधरा खोल्यांना विविध भारतीची गोडी लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण त्या कानावर बाबांच्याही आधी दुसऱ्यांचे हात होते. १९४०च्या मार्चपासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. साथीला पेटी ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ती बंदी किती परकी वाटली असेल, याची कल्पना करावी. १९५२नंतर माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांच्या काळात चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून बाजूला सारण्यात आले. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला आणि ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. लोकांची अभिरुची वरून घडवायची हा प्रयत्न फसला, असे यावरून सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. मात्र त्याच धोरणातून आणखी एक गोष्ट निघाली. १९५२पासून दर शनिवारी रात्री साडेनऊला रागसंगीताची अखिल भारतीय संगीत सभा प्रसारित होऊ लागली. तिच्याकडे पुन्हा वळायचे आहे.

मुंबई केंद्रावरच्या फर्माइशी गाण्यांच्या मराठी कार्यक्रमाचे नाव होते ‘आपली आवड’. हे नाव ज्याला सुचले त्याला मराठी चांगली कळत होती. ‘आपली’ म्हणजे तुमची आणि आमची, दोघांची. आणि आदराने बोलायचे तर ‘आपली’ म्हणजे फक्त तुमची. एकाने पत्र पाठवायचे, त्याचे नाव वाचले जायचे, आणि गाणे सगळ्यांच्या घरी वाजायचे. एकाची आवड जाहीर होताच ती इतरांच्या कानावर पडायची सोय होई. आमच्या मजल्यावरच्या दोन-तीन मुलांची नावे कधीतरी वाचली गेली होती. आईने कधी पत्र पाठवले नाही. ‘तुझं आवडतं गाणं कुठलं?’ असे मी शाळेत असताना तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मला कसली आवडनिवड? लागेल ते ऐकायचं.’ मी हे उत्तर खरे मानले. आईला गाण्याचे विशेष काही नाही, अशी नोंद माझ्या मनात झाली आणि ती बरीच वर्षे तशीच राहिली.

शनिवारी साडेनऊ

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग शिलाई मशीन, आणि पावसाळ्याच्या तोंडावर रेडिओ गेला. भोंगे बंद होते, साचे बंद होते. लालबाग इतके शांत कधी नव्हते. संध्याकाळी माणसे गॅलरीत बसून राहत, आणि ज्यांच्याकडे रेडिओ उरला होता त्यांचा आवाज ऐकत.

एका शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर बाबा गॅलरीत आईशेजारी जाऊन बसले. आई नेहमीप्रमाणे सुपात दुसऱ्या दिवसाचे तांदूळ घेऊन बसली होती. आमच्यापासून चार खोल्या सोडून एक गृहस्थ राहत, छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करणारे, एकटे. त्यांच्याकडे रेडिओ लागला होता. बाबांना एवढ्या लांबचे नीट ऐकू येईना. त्यांनी विचारले, ‘काय चाललंय?’

आई सुपातून मान वर न काढता म्हणाली, ‘बडा ख्याल संपला, अहो. आता द्रुत घेतलंय.’

‘कसला?’

‘बागेश्री वाटतोय.’

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मी उंबऱ्यात बसलो होतो. बाबांनी विचारले, ‘तुला कसं कळतं?’ ती म्हणाली, ‘गिरगावात खिडकीखालीच असायचं.’

तेव्हा मला रविवारचे खडे आठवले. आमच्या खोलीत साठचा बल्ब होता. गॅलरीत सार्वजनिक, पंचवीसचा, तोही टोकाला. तांदूळ निवडायला कोणीही शहाणी बाई खोलीतच बसली असती. आई बाकीचे दिवस तशी बसेही. फक्त शनिवारी रात्री साडेनऊला ती सूप घेऊन बाहेर जाई, अंधुक उजेडात तास-दीड तास बसे, आणि रविवारी खडे राहून गेलेले असत. चौदा वर्षे ती रेडिओच्या कानापाशी गेली नव्हती. तिने आपले काम गाण्यापाशी नेले होते.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळते. ज्याला कान पिळायचा अधिकार नाही त्यालाही आवड असते. ती गाणे बदलण्यात दिसत नाही, जागा बदलण्यात दिसते. कोण कोणत्या वेळी गॅलरीत येतो, कोण कोणत्या गाण्याला नळाची धार बारीक करतो, कोण काय गुणगुणतो आणि कोणी आले की गुणगुणणे थांबवतो. मैफलीची समीक्षा दाद मोजते. चाळीतल्या श्रवणाची समीक्षा करायची तर या हालचाली वाचाव्या लागतील. तांदळातला खडाही इथे पुरावा असतो.

त्या पावसाळ्यातले पुढचे शनिवार बाबा गॅलरीत बसू लागले. फारसे ऐकू येत नव्हतेच. ते मधून मधून विचारत, आई सांगे. रविवारच्या खड्यांबद्दल त्यांनी नंतर तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

या मताच्या विरुद्ध

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कानावर पडणाऱ्या गाण्याचे गोडवे गाणे सोपे आहे. ज्याच्या खिडकीसमोर कर्णा बांधलेला असतो त्याला विचारा. गणेशोत्सवात, सत्यनारायणाला, लग्नात, पुढे दहीहंडीला आमच्या गल्लीत जे वाजे त्यातले बरेच निव्वळ लादलेले होते. विसर्जनाच्या बेंजोवर चित्रपटातल्या चाली ऐकताना मला मजा वाटे, पण त्याच वेळी शेजारच्या खोलीत दम्याचा रुग्ण कानांवर उशी दाबून पडलेला असे. चाळीचे आवाजाचे नियम कर्ण्याला लागू नव्हते, कारण तो लावणारा कोणा एकाचा शेजारी नव्हता. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. ते आवश्यक होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आईची ती युक्ती कितीही हृद्य असली, तरी ती नाइलाजातून आली होती. तिला वर्गाला घातले असते, किंवा रेडिओचा कान आठवड्यातून एक तास तिच्या हाती दिला असता, तर तिला अंधारात तांदूळ निवडावे लागले नसते. हे मला मान्य आहे. त्या काळाचे मी समर्थन करत नाही. माझे म्हणणे एवढेच की त्या नाइलाजातही निवड चालू होती, आणि आपण ती पाहिली नाही. समीक्षकांनी पाहिली नाही, आणि घरातल्या मुलांनीही पाहिली नाही.

आजचा कान

आता प्रत्येकाच्या खिशात हवे ते गाणे आहे. दादर स्टेशनच्या पुलावर सकाळी उभे राहिले तर दहांतल्या पाच-सहा कानांत काहीतरी खोचलेले दिसते. कोण काय ऐकतो, हे शेजारच्याला कळत नाही. फोन आपल्यासाठी यादी करून ठेवतो आणि तिला ‘तुमच्यासाठी’ असे नाव देतो. ‘आपली आवड’मधला ‘आपण’ त्यात नाही. काल ऐकले त्यासारखेच आज पुढे येते. गिरगावच्या कानात लालबागचा ठेका शिरायला वाट उरत नाही. आवडीचे स्वातंत्र्य मिळाले हे खरे, आणि ते आईच्या पिढीला मिळायला हवे होते. पण आवड वाढते ती बहुधा आपण न मागितलेल्या गोष्टीने. बहुश्रुत होण्यासाठी दुसऱ्याचा रेडिओ लागतो.

चाळ पाडल्यावर आम्ही दादरला अठराव्या मजल्यावर राहायला आलो. काचेच्या खिडक्या बंद केल्या की बाहेरचे काही येत नाही. आई ऐंशी ओलांडून गेली होती. तिला मी मोठ्या हौसेने फोन आणि हेडफोन आणून दिला; त्यात तिच्या काळातले सगळे गवई होते. ‘कोण लावू?’ असे विचारले तर म्हणाली, ‘लाव कोणीही.’ हेडफोन तिने पाच मिनिटांत काढून ठेवला. डोक्याच्या आतच कोणी गातंय असं वाटतं, म्हणाली.

मग मी एक छोटा स्पीकर आणला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला. तिने तो थोडा वेळ ऐकला आणि मला हाक मारली.

‘अरे, इथे नको. आतल्या खोलीत लाव. आणि दार अर्धं उघडं ठेव.’

मी तसे केले. ती बाहेरच्या खोलीत मेथीची जुडी सोडून निवडत बसली.